रिकाम्या गावात लावलेली नोटीस

२३ नोव्हेंबर १९८६, रविवार

अक्का आली होती. डोंगरमाथ्यावर, सड्यावरच्या वाडीतून डोक्यावर नारळ आणि नव्या भाताचे पोहे घेऊन. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, पण घाटीची वाट अशी उतरते की बघणाऱ्यालाच धाप लागावी. पोहे माझ्या बायकोच्या, विमलाच्या हातात दिले, ओसरीवर टेकली आणि पाणी प्यायच्या आधीच विचारलं, "काय रे श्रीपाद, शाळा साकवापलीकडे नेतत असा आयकलंय. खरा काय?"

"लोक कायव बोलतत गो. तसो काय ठराव नाय."

"नाय मां?"

"नाय."

"मगे बरा. पावसात साकव बुडता. सीता नववीत आसा, तिका धाडूचा कसा? तिचो बापूस म्हणता, शाळा थंय गेली तर चेडवाक घरात बसवया." एवढं बोलून ती तांब्याभर पाणी प्यायली आणि विमलाला पोहे कसे भिजवायचे ते सांगत बसली, जणू विमलाने जन्मात पोहे पाहिले नाहीत.

ठराव झालेला नाही हे खरं आहे. मसुदा मात्र तयार आहे, आणि तो मीच लिहिला आहे. बहिणीच्या तोंडावर खोटं बोललो म्हणावं तर शब्दाने बोललो नाही. तरी ती उठून जाईपर्यंत मी तिच्याकडे बघू शकलो नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

आमच्या शिक्षण मंडळाची घटना एकोणीसशे पंचावन्नची. शाळेची इमारत उभी राहिली तेव्हा गावातल्या प्रत्येक घराने खाणीवरून जांभ्याचे चिरे वाहून दिले, म्हणून प्रत्येक घराला एक मत. सड्यावरच्या घरालाही एक, बाजारातल्या घरालाही एक. अक्का तेव्हा चौदा वर्षांची होती. तिनेही डोक्यावरून चिरे आणले. त्या शाळेत मी शिकलो, आता शिकवतो, ती म्हशी राखत राहिली.

आता अध्यक्ष भाईंना शाळा ओढ्यावरच्या साकवापलीकडे, डांबरी रस्त्याला न्यायची आहे. तिथे त्यांची जमीन आहे, शाळा आली की बाजार येईल. घरागणिक मत आहे तोवर ते जमायचं नाही, कारण सड्यावरची घरं जास्त. म्हणून घटनादुरुस्ती: जे सभासद लागोपाठ दोन वार्षिक सभांना हजर होते त्यांनाच मत. वार्षिक सभा असते लावणीच्या दिवसांत, भर दुपारी. सड्यावरचं कोण येणार? मुख्याध्यापक जूनमध्ये निवृत्त होतायत. भाई म्हणाले, "नव्या इमारतीत त्या खुर्चेर तूच." मी चौदा वर्षं वाट बघतोय. हेही नोंदवून ठेवतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज नववीला घटनादुरुस्ती शिकवली आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो. असे तास रोज होत नाहीत.

आधी कलम तीनशे अडुसष्ट सांगितलं. हजर राहून मत देणाऱ्यांत दोनतृतीयांश, शिवाय सभागृहाच्या एकूण सभासदांपैकी निम्म्यांहून अधिक. मग विचारलं, एवढं बहुमत असेल तर संसद घटनेत काय वाटेल ते बदलू शकते का? सगळे म्हणाले, हो. मग १९७३ चा खटला सांगितला. तेरा न्यायाधीश बसले, सात विरुद्ध सहा असा निकाल लागला: दुरुस्ती करा, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. पुढे आणीबाणीत बेचाळिसावी दुरुस्ती आली. तिच्यात लिहिलं की संसदेच्या या अधिकाराला मर्यादाच नाही. १९८० साली न्यायालयाने तेही उडवून लावलं. ज्याला मर्यादित अधिकार दिलाय त्याने तो वापरून स्वतःला अमर्याद करून घ्यायचं नाही.

इथवर आलो तेव्हा अर्धा वर्ग जांभया देत होता. तेव्हा मला सुचलं ते असं. म्हटलं, आपली गावपळण घ्या. दर तीन वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळा गाव माणसं, गुरं, कोंबड्यांसकट वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस गाव रिकामा ठेवतो. पूर्वी पाच दिवसांची होती, आता तीन. पूर्वी बैलगाड्या, आता टेम्पो. पूर्वी भजनं, आता ट्रान्झिस्टर. या झाल्या दुरुस्त्या. पण एक माणूस जरी मागे राहिला, तर तिला गावपळण म्हणाल का?

"नाही," सगळे एकदम ओरडले. जांभया देणारेसुद्धा.

"का नाही? हजारातला एकच तर राहिला."

"तर ती पळणच नाय, सर," पुढच्या बाकावरून कोणी तरी म्हणालं.

"हीच मूलभूत चौकट," मी म्हटलं आणि खडू खाली ठेवला. मग सीता उभी राहिली. वर्गात ती मला मामा म्हणत नाही. म्हणाली, "सर, ती चौकट घटनेच्या कुठल्या पानावर लिहिलेली आहे?" मी सांगितलं की ती कुठल्याच पानावर लिहिलेली नाही, सगळी घटना वाचली की कळते. "मग न वाचणाऱ्याला कशी कळणार?" ती म्हणाली. वर्ग हसला. मीही हसलो आणि तास संपवला. हुशार आहे पोर, आईवर गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

कौल झाला. देवळाची पूजा करणाऱ्या परशुरामकाकांनी देवापुढे सगळ्या गावासमक्ष गाऱ्हाणं घातलं आणि देवाने चार तारखेची गावपळण दिली. सात तारखेला पुन्हा कौल घेऊन गाव आत येईल.

देवळातून निघताना भाईंनी मला बाजूला घेतलं. "सभेची सूचना किती दिस आधी लावूची?"

"तीन दिवस," मी म्हटलं. "कलम नऊ. शाळेच्या दर्शनी फळ्यावर."

"घरोघर सांगूक व्हया असा काय आसा?"

"नाही. फळ्यावर लावली की पुरे."

"आणि माणसा जमली नाय तर?"

"गणपूर्तीअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते, मग गणपूर्तीची अट नाही. हजर असतील त्यांच्या दोनतृतीयांशाने मंजूर."

सगळी कलमं तोंडपाठ. विचारलं तेवढं सांगत गेलो आणि सांगताना बरंही वाटत होतं. मग भाई हळूच म्हणाले, "तर आठ तारखेक सकाळी सभा. गाव वेशीबाहेर आसताना फळ्यार नोटीस लाव. सात दिसांची लाव नायतर तीन, वाचूक कुत्रासुद्धा आसूचा नाय."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "भाई, ह्या बरा नाय."

"कायद्यात बसता मां?"

बसतं. तेच तर. विमलाला अजून काही सांगितलेलं नाही. ती गावपळणीसाठी मडकी काढून धूत होती.

४ डिसेंबर, गुरुवार (वेशीबाहेर, झावळ्यांच्या खोपीत)

दुपारी ढोल वाजले आणि गाव निघाला. मी नोटीस पिशवीत घेऊन सकाळीच शाळेत गेलो होतो. ओसरीवर शिवा शिपाई गेरूचा हात देत होता. म्हणाला, "गाव परत येतलो तेवा शाळा कशी लाल दिसाक व्हयी." त्याच्यासमोर लावणार कशी? तो जाईपर्यंत थांबलो तर रस्ता माणसांनी फुललेला. अक्का डोक्यावर गाठोडं घेऊन आली, मागून सीता एका हटून बसलेल्या बोकडाला ओढत होती. "मामा, ढकला जरा," ती म्हणाली. मी बोकड ढकलत वेशीबाहेर आलो. नोटीस पिशवीतच राहिली.

संध्याकाळी भाईंनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "मास्तर, उद्या जा. औषधाक मालवणाक गेलंय म्हणान सांग."

"गावात? पळण चालू असताना?"

"तू शिकलेलो मां? का तुका भूत खातला?"

मी शिकलेला आहेच. वर्गात पोरांना प्रथा कशा पडतात ते मीच सांगतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

गेलो.

विमलाला सांगितलं, डोकं दुखतंय, मालवणला जाऊन गोळ्या आणतो. निघताना लक्षात आलं की नोटीस चिकटवायला काही नाही. अक्काची चूल पेटलेली होती. म्हटलं, "अक्का, वाईच भात दी गो." तिला वाटलं वाटेत खायला मागतोय. केळीच्या पानात गरम भात बांधला, वर सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवला. "उपाशी फिरा नको. पित्त वाढता तुझा," ती म्हणाली. मी पुडी पिशवीत घातली.

बस थांब्याच्या वाटेने निघालो आणि काजूच्या बागेतून वळून शिवेच्या धोंड्यापाशी आलो. ओलांडताना पाय अडखळला नाही की काही नाही. आत मात्र गाव असा होता की काय सांगू. अडतीस वर्षं ज्या वाटेने चाललो ती ओळखू येईना. कोंबडा नाही, पोराचं रडणं नाही, विहिरीच्या रहाटाचा आवाज नाही. अंगणांतल्या तुळशी तेवढ्या उभ्या. मला कोणी बघत नव्हतं आणि तरी मी प्रत्येक दारापुढून मान खाली घालून गेलो.

शाळेच्या फळ्यावर नोटीस धरली, भाताची पुडी सोडली आणि भाताची शितं कागदामागे चुरडून चिकटवली. तारीख तीन डिसेंबरची घातली होती. एक तारीखही घालता आली असती, वाचणार कोण. कागद निसटत होता म्हणून मी कोपराने तो दाबून धरला, तेव्हा बाही नव्या गेरूच्या भिंतीला घासली. बांगडा राहिला. तो कुंपणापलीकडे फेकला.

परत आलो तेव्हा अक्का भांडी घासत होती. तिने वर पाहिलं. "भात खाल्लंस?"

"खाल्लंय."

"बाह्येक काय लागला ता?"

"बसमध्ये लागलं असेल."

तिने बाही बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "काढ सदरो. धुवन ठेवतंय." मी काढून दिला. खोपीत येऊन विमलाला म्हटलं, डोकं थांबलं. तिने विचारलं, गोळ्या कुठे आहेत. म्हटलं, तिथेच घेतल्या. एका खोट्यामागून किती खोटी लागतात हे दुसऱ्यांना मी फार छान सांगतो.

८ डिसेंबर, सोमवार

काल तिन्हीसांजेला गाव आत आला. परशुरामकाकांनी कौल घेतला, देवाने उजवा दिला. आज पहाटेपासून प्रत्येक घरात सारवण, झाडलोट, गुरांना बांधायची धांदल.

आठ वाजता शाळेत आम्ही सतराजण. सगळे साकवापलीकडचे, सगळे भाईंचे. गणपूर्ती नाही, तहकूब. अर्धा तास सगळे चहा पीत बसले. मग पुन्हा भरली. दुरुस्ती मी वाचली. स्पष्ट वाचली, माझा आवाज चांगला आहे. सतरा हात वर. एक मिनिटही लागलं नाही. मग दुसरा ठराव, जागेचा. तोही.

सीता शाळेला आली तेव्हा तिने फळा वाचला आणि तशीच उलट्या पावली घरी पळाली. साडेनऊला अक्का आणि तिच्या मागून सड्यावरची पंचवीसेक माणसं फाटकात उभी. अक्काच्या हाताला शेण तसंच होतं. "सभा खंय?" तिने विचारलं.

"संपली," भाई म्हणाले. "नोटीस तीन तारखेपासून फळ्यार आसा. तुमी वाचूक नाय तर आमी काय करूचा?"

"तीन तारखेक हंय कायव नव्हता. मी फुड्यातसून गेलेलंय." ती भाईंशी बोलत होती, पण बघत होती माझ्याकडे. मी हजेरीपट उघडून बसलो होतो. आजचा सगळा दिवस मी त्या हजेरीपटात डोकं घालून काढला. मला लाज वाटते. एवढंच सुचतं.

१४ डिसेंबर, रविवार

सड्यावरच्या घरांनी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत हरकत घेतली आहे. त्यांच्या बाजूने बोलायला अक्काला पुढे केलंय. विश्रामभावोजी तयार नव्हते, पण ती म्हणाली म्हणे, "मत घराचा आसा, आणि घर मी चालवतंय."

मी भाईंच्या सांगण्यावरून लेखी जबाब दिला: नोटीस तीन तारखेला सकाळी, गाव आत असताना, मी स्वतः लावली. सही केली.

विमला म्हणाली, "मालवणाक गेलेलात त्या दिसाचा तिकीट तुमच्या खिशात नव्हता." एवढंच. तेव्हापासून ताट वाढते ते माझ्याकडे न बघता.

२० जानेवारी १९८७, मंगळवार

सुनावणी झाली. साहेब वयाने लहान, पण बारकाईने ऐकणारे. माझा जबाब वाचून झाला. मग त्यांनी अक्काला विचारलं, नोटीस तीन तारखेला लावली नव्हती असं तुमचं म्हणणं. ती नंतर लागली याचा काही पुरावा? गावपळणीच्या काळात कोणी गावात गेल्याचं तुम्ही पाहिलंत?

अक्का कचेरीत शाळेतलं मराठी बोलायचा प्रयत्न करते. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता आणि घसा खाकरला. मी समोरच बसलो होतो. तिने माझ्या बाहीकडे पाहिलं. आजचा सदरा दुसरा होता, स्वच्छ.

"नाही साहेब," ती म्हणाली. "मी कोणाला पाहिलं नाही."

"पुरावा?"

"नाही."

तिला माहीत आहे. आज मला खात्री पटली. गेरू आमच्या बसमध्ये नसतो. शाळेच्या भिंतीला असतो, आणि तिने स्वतःच्या हातांनी ती बाही धुतली. ती एक वाक्य बोलली असती तर सीताची शाळा वाचली असती. पण मग पळणीत गावात शिरलेला माणूस म्हणून सगळ्या गावाने मला ओळखलं असतं. सुतकातलं घर टाळावं तसं माझं घर टाळलं असतं. तिने भावाला राखलं आणि मुलीला सोडलं. आणि मी बसून राहिलो. साहेबांनी मला पुन्हा विचारलं, आपल्याला काही सांगायचंय? मी म्हटलं, जबाबात सगळं आहे.

परतीच्या बसमध्ये तिने मला खिडकीची जागा दिली. म्हणाली, "तुका गाडी लागता." कागदातले भाजलेले शेंगदाणे सोलून सोलून माझ्या हातावर ठेवत होती, लहानपणी ठेवायची तसे. मी खात होतो. नको म्हणायचीही हिंमत झाली नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतरचं भाषण दरवर्षी माझं. वाटलं होतं, आज सांगून टाकीन. उभा राहिलो. समोर पोरं, मागे पालक, सड्यावरची माणसंही आली होती. मी संविधानावर बोललो. बहुमत म्हणजे मनाला येईल ते करायचा परवाना नव्हे, असंही बोललो. टाळ्या पडल्या. अक्काही टाळ्या वाजवत होती, जरा उशिरा, बाजूच्या बायकांचं बघून.

पाणी प्यायला आत गेलो तर सीता हंड्यापाशी होती. "मामा," ती म्हणाली, आज मामाच म्हणाली, "जून महिन्यापासून मी येणार नाही. बाबांनी सांगितलं. नागरिकशास्त्राचं पुस्तक परत द्यायला लागतं का?"

मी म्हटलं, "ठेव तुझ्याकडेच."

"वाचून काय करू?" तिने उद्धटपणे नाही, खरंच विचारलं.

घरी येऊन मी हे भाषणाचे कपडे काढले नाहीत अजून. आठवीपासून जे शिकवत आलो ते मला येतं, असा माझा समज होता. त्या नोटिशीचा मसुदा करताना त्यातलं एक वाक्य मला आठवलं नाही असं नाही. प्रत्येक वाक्य आठवत होतं. ते फार मोठ्या लोकांसाठी, दिल्लीसाठी आहे असं मी धरून चाललो. सतराजणांच्या सभेत कसली आलीय मूलभूत चौकट. घराला मत हे कलम कोणी वेगळ्या शाईत लिहिलं नव्हतं. आणि वेशीच्या आत पाऊल टाकताना मला माझाच दाखला आठवला होता. हजारातला एकच तर.

लाज कशी असते ते आधी ठाऊक नव्हतं. मला वाटायचं ती कोणी बघितल्यावर येते.

२९ जानेवारी, गुरुवार

सकाळी देवळात गेलो. परशुरामकाका फुलं वाहत होते. त्यांना संपवू दिलं. मग सांगितलं. पाच तारखेला मी गावात गेलो, नोटीस लावली, तारीख खोटी घातली. भाईंचं नाव सांगितलं, पण पाय माझे होते असंही सांगितलं.

काका देवाकडे तोंड करून बसले. मग विचारलं, "खंयच्या वाटेन गेलंस?"

"काजीतसून."

"कोण दिसला?"

"कोणच नाय."

"तीन दिस आमी गाव देवाक दिलेलो," ते म्हणाले. "पोराटोरांक थंडयेत निजवला. म्हातारी राधाबाई, तिका खाटयेर घालून न्हेली. आणि तू आत हिंडत होतंस."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त घंटा वाजवून माणसं जमवायला सांगितली. गावापुढे मला पुन्हा सगळं सांगावं लागलं, मोठ्याने, कारण मागच्यांना ऐकू येत नव्हतं. "मोठ्यान सांग," असं कोणी तरी दोनदा म्हणालं. माझा आवाज चांगला आहे, पण आज तो पोचत नव्हता. भाई उठून निघून गेले. अक्का खांबाला टेकून उभी होती.

कौल लावला. देवाने सांगितलं, पळण झाली नाही. पुन्हा करा.

दुपारी कचेरीला लेखी कळवलं की माझा जबाब खोटा आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

कचेरीने दुरुस्ती नोंदवायचं नाकारलं. सभा पुन्हा घ्यायची, घरोघर सूचना देऊन, जुन्याच मतांनी. मला मंडळाची कारणे दाखवा नोटीस आली आहे. मुख्याध्यापकपद आता स्वप्नातही नको. नोकरी राहील की नाही तेही सांगता येत नाही. भाई वाटेत भेटले. "तू माका बुडवलंस," म्हणाले. मी म्हटलं, "व्हय."

गाव पुन्हा आठ तारखेला बाहेर जाणार. मसुऱ्याच्या जत्रेसाठी मुंबईहून आलेल्या माणसांनाही जावं लागणार. आज दुकानात उभा होतो तर बोलणारे गप्प झाले आणि मला आधी सामान दिलं.

८ फेब्रुवारी, रविवार (वेशीबाहेर)

सगळा गाव माझ्यामुळे पुन्हा निघाला. मडकी, गाठोडी, कोंबड्यांच्या डालग्या, तोच बोकड. राधाबाईंची खाट पुन्हा चौघांनी उचलली. मी खांदा द्यायला गेलो तर परशुरामकाकांनी थांबवलं.

"तू नको," ते म्हणाले. "तू शेवटी ये. सगळे गेले काय, ता घरोघर फिरान बग आणि माका येवन सांग."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "मी?"

"तू. मगे कोण? आत कसे र्‍हवतत ता तुकाच म्हायत."

कोणी हसलं नाही. मी एकेक घर फिरलो. दाराला हात लावून, हाका मारून. सड्यावर गेलो, खालच्या वाडीत गेलो, भाईंच्या बंद दाराशीही गेलो. शाळेच्या फळ्यावर त्या नोटिशीचा एक कोपरा अजून चिकटून होता. नखाने काढायला गेलो, निघाला नाही. कोणीच उरलं नाही अशी खात्री झाल्यावर शिवेचा धोंडा ओलांडला आणि काकांना सांगितलं, "आत कोण नाय." त्यांनी मान हलवली आणि ढोल थांबवले. माझ्या शब्दावर थांबवले. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

खोपीशी आलो तर विमला चूल मांडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी. मग अक्का आली. हातात माझा सदरा.

डिसेंबरातलाच. घडी घातलेला, बाहीवर गेरूचा लाल डाग, आणि त्यात सुकून खडखडीत झालेली भाताची शितं.

"धुवूक नाय?" मी विचारलं.

"नाय. पेटयेत ठेवलेलंय. तू सांगशीत तेवा धुवचो, असा ठरवलंय."

"तेव्हा कचेरीत हो सदरो दाखवलो असतंस तर..."

"तर तुझ्या तोंडान सांगूचा र्‍हवला असता," ती म्हणाली.

ती ओहोळावर गेली. मी मागोमाग गेलो, म्हटलं मी धुतो. तिने दिला नाही. दगडावर बाही घासत राहिली, पाणी लाल झालं, शितं काही सुटेनात. सीता काठावर बसून बघत होती, मांडीवर नागरिकशास्त्राचं पुस्तक. अक्काने सदरा पिळला, कोपराने कपाळ पुसलं आणि मान वर न करता विचारलं, "भात खाल्लंस?"

"नाय," मी म्हटलं.